थकालीचा डोळा

आमच्या आजोबांनी सत्तरी उलटल्यावर तिसरं लग्न केलं. तेव्हापासून आम्हा दुवालांच्या घराण्यातली नाती जी उलटी झाली, ती अजून सुलटी झालेली नाहीत. त्या तिसरीचा नातू रोजन जन्मला तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो, आणि सुईणीने ते गाठोडं माझ्या हातात देऊन सांगितलं, हा घ्या तुमचा धाकटा चुलतभाऊ. माझा पुतण्या आशाकाजी शेजारीच उभा होता. त्याच्या मिशीत तेव्हाच चांदी चमकायला लागली होती. त्याने त्या लाल गोळ्याच्या पायांना कपाळ लावून 'काका' म्हटलं आणि काकांनी त्याच्या टोपीवर मुतून आशीर्वाद दिला. आशाकाजी आजही म्हणतो की त्या दिवशी डोक्यावर टोपी नव्हती. टोपी होती.

आमच्या नेपाळच्या भक्तपुरात वयाला कोण विचारतो? पिढी विचारतात. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला शहराबाहेरच्या शेतात कुलदेवीच्या दगडापुढे बोकड पडतो. त्याचा डावा डोळा देवीपुढे राहतो आणि बाकीच्या डोक्याचे सात वाटे कुळातल्या पहिल्या सात पुरुषांना मिळतात. उजवा डोळा थकालीचा, म्हणजे सगळ्यांत वडीलधाऱ्याचा. मग उजवा कान, डावा कान, नाकाड, जीभ, उजवा जबडा आणि शेवटी डावा जबडा. या सातांबाहेरचा माणूस मंत्री का असेना, त्याने रस्सा प्यायचा आणि गप्प बसायचं. आशाकाजी आठवा होता. तो इतकी वर्षं आठवा होता की गल्लीतली पोरं आठचा पाढा म्हणायला लागली की त्याला वाटायचं, आपल्यालाच चिडवतायत.

यंदाच्या माघात आमचे थकाली ज्ञानबा गेले. काय त्यांची नजर होती! एकदा त्यांनी नुसतं रोखून बघून नगरकोटची बस थांबवली होती, आणि ड्रायव्हरने काय वाटेल ते केलं तरी ती सुरू होईना. शेवटी ज्ञानबांनी पाठ फिरवली तेव्हा झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोजनचा बाप लवकर गेला, तेव्हा त्यांनी त्या पोराला मांडीवर घेतलं ते उतरवलंच नाही. रोजन कॉलेजात जायला लागला तरी त्याच्या पोह्यांवरची मिरची ज्ञानबा आपल्या हाताने बाजूला काढायचे.

ते गेले आणि आम्ही सगळे एकेक पायरी वर सरकलो. तीर्थनारायणदाजू थकाली झाले; थोरल्या भावाला आम्ही दाजू म्हणतो. ठार बहिऱ्या काशीदाजूंच्या वाट्याला उजवा कान आला. माझी जबड्यावरून जिभेवर बढती झाली, आणि मला ओळखणारे म्हणाले की देवाने फार उशीर केला. सर्वांत खालची डाव्या जबड्याची जागा रिकामी झाली. ती आठव्या आशाकाजीची व्हायची, पण रोजन आता वयात आला होता, तेव्हा पिढीच्या हक्काने ती त्याची होती. पण रोजन नॉर्वेला होता. आशाकाजीने विचार केला, परदेशी गेलेलं पोरगं परत येतं ते फक्त कागदपत्रांना. त्याने नवा कोट शिवला.

आणि पूजेच्या तोंडावर रोजन परत आला.

आला तो वाळून आला. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर माझ्याजवळ बसून त्याने मनातलं सगळं सांगून टाकलं. मलाच का सांगितलं, त्याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा मी ते कुणाला सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून.

कॉलेजाने त्याला एका सत्रासाठी तिकडे धाडलं होतं, पाण्यावर वीज कशी करतात ते शिकायला. वीज त्याला जमली. जमेना ते बसणं. पहिल्या दिवशी वर्गात जो तो वाटेल तिथे बसला, आणि आपला नंबर कितवा हेच न कळल्यामुळे रोजन दाराशी उभा राहिला. प्राध्यापक वडिलांच्या वयाचे. ते म्हणाले, मला आर्ने म्हण. रोजनच्या तोंडून ते निघेना. मग सबंध सत्रात त्याने त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की तो त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहायचा. आर्नेंना वाटलं, पोरगा फार विचारी आहे. त्यांनी त्याला उत्तम गुण दिले. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी लोक उभे राहायचे, आणि रोजनला आठवडाभर वाटत होतं की आपल्या अंगाला लसणाचा वास येतो. रात्रीचं जेवण म्हणजे थंड पाव आणि गुळासारखं लागणारं तपकिरी चीज. त्याचा फोटो काढून तो रोज घरी पाठवायचा. ज्ञानबांना मोबाइल वापरता यायचा नाही, म्हणून तो फोटो आशाकाजीच्या फोनवर जायचा आणि आशाकाजी तो त्यांना दाखवायचा. ज्ञानबा रोज एकच विचारायचे: याला भात कधी देणार आहेत?

खोली त्याने एका म्हातारीच्या घरात घेतली होती. बोर्गहिल्ड तिचं नाव, मेंढ्या पाळणारी विधवा. दोन महिने ती त्याच्याशी हवामानाखेरीज काही बोलली नाही. मग एका रविवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. टेबलावर मीठ लावून धुरावलेलं, उकडलेलं मेंढीचं डोकं होतं, मधोमध चिरलेलं. एक अर्धं तिच्या ताटात, एक त्याच्या. रोजन म्हणाला, दाजू, वाफ तोंडावर आली आणि मला घरचा वास आला. त्याने फोटो काढला, खाली लिहिलं 'आज भाताची गरज नाही', आणि पाठवून दिला. म्हातारीने सुरीच्या टोकाने डोळा दाखवला. हे आधी, गार व्हायच्या आत. पोरगं भुकेलं होतं. त्याने खाल्ला.

मंगळवारी आईचा फोन आला की ज्ञानबा गेले.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. जिवंत थकालीच्या वाट्याचा डोळा आपण खाल्ला. खाल्ला तो खाल्ला, वर त्याचा फोटो त्यालाच पाठवला. माझ्या हाताला धरून त्याने विचारलं, दाजू, त्यांनी तो फोटो पाहिला असेल का? मी म्हटलं, आशाकाजीला विचार. त्याने मान हलवली. विचारायचं धाडस त्याला चार महिने झालं नव्हतं, आताही होत नव्हतं. त्या दिवसापासून त्याने मांसाला हात लावला नव्हता.

हे मला ठाऊक. घराला एवढंच दिसलं की पोराने आईच्या हातची, म्हशीच्या भाजलेल्या मांसाची चोयला ताटात बाजूला सारली.

त्याच्या आईने, म्हणजे चंद्रकेशरीकाकूने, ताबडतोब ओळखलं की यात बाई आहे. काकू माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण नात्याने काकू, तेव्हा तिच्यापुढे मी उगाच बोलत नाही. तिचं म्हणणं, तिकडच्या कुठल्यातरी पालेभाजी खाणाऱ्या गोऱ्या पोरीने शपथ घातली असणार. तिने त्याच्या बॅगेतले मोजेसुद्धा उलटे करून पाहिले. थकालीची बायको नानीमैयावहिनी, कुळातल्या बायकांची मुख्य, तिचं निदान वेगळं होतं: पोट नरम पडलंय, सकाळी उपाशीपोटी दोन घोट ऐला द्या. ऐला म्हणजे आमची तांदळाची दारू. ती वहिनी तापावरही देते, परीक्षेवरही देते.

आशाकाजीने मात्र निदान केलंच नाही, सेवा सुरू केली. रोज सकाळी आपल्या शेतातला कोवळा पाला टोपलीत घालून काकूच्या दारात हजर. रोजनकाका, हा मुळ्याचा पाला. रोजनकाका, ही मेथी. काका, मांसाने बुद्धी जड होते, तुम्ही शिकलेले, तुम्हाला मी काय सांगायचं. काकू दोन दिवस त्या भाजीवर खूश होती. तिसऱ्या दिवशी मुळ्याचा पाला निवडताना तिचा हात मध्येच थांबला. डाव्या जबड्याचा मानकरी मांस खात नसेल, तर जबडा कुणाकडे जाईल? आठव्याकडे. तिने टोपली उचलली आणि आशाकाजीच्या शेळीपुढे नेऊन रिकामी केली.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, माझा नवरा या सातांत बसायच्या आधीच गेला, आता लेकाची जागा जाऊ देणार नाही. तुम्ही जिभेचे, पंगतीत बोलायचा हक्क तुमचा. मी शब्द दिला. तासाभराने नानीमैयावहिनी आली. आशाकाजी तिचाच मुलगा. तिने सांगितलं की तिच्या लेकाचे गुडघे गेलेत, केस गेलेत, आता निदान एक जबडा तरी येऊ द्या. मी तिलाही शब्द दिला. दोन्ही शब्द मनापासून दिले होते. तीर्थदाजू, नवे थकाली, एकाच वेळी आशाकाजीचे बाप आणि सगळ्या कुळाचे बाप. ते फक्त आरशापुढे टोपी सरळ करत राहिले.

पूजेच्या दिवशी शेतात गवताच्या लांब चटया अंथरल्या होत्या. शेजारच्या शेतांतही दुसऱ्या कुळांच्या पंगती बसलेल्या. आम्ही सात जण क्रमाने बसलो. माझ्या पलीकडे उजवा जबडा, त्याच्या पलीकडे रोजन. आणि त्याच्या पाठीला गुडघा लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, नव्या कोटात आशाकाजी. ऊन असं की बोकड नुसता उन्हात ठेवला असता तरी शिजला असता.

पत्रावळींवर वाटे आले. आमच्यात सातही जणांनी आपापला वाटा उचलून कपाळाला लावायचा, मग थकालीने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्या दीडशे माणसांचं जेवण सुरू. सहा हात कपाळाला गेले. सातवा गेला नाही.

तीर्थदाजूंनी खाकरून पाहिलं. बायकांच्या ओळीतून काकू म्हणाली की पोराला प्रवासाचा त्रास झालाय, नुसता कपाळाला लावला तरी चालेल. नानीमैयावहिनी म्हणाली की कपाळाला लावून कुणाचं पोट भरलंय, ज्याला नको त्याला बळजबरी कशाला. काकू म्हणाली, तुम्ही आपल्या लेकाचं बघताय. वहिनी म्हणाली, मग काय शेजाऱ्याच्या लेकाचं बघू? आणि दोघी, ज्या सकाळपर्यंत एका चुलीवर वडे तळत होत्या, एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

"रोजन," तीर्थदाजू म्हणाले, "उचल. लोक उपाशी आहेत."

"मला तो हक्क नाही, दाजू." त्याचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं. "मी डोळा खाल्लाय."

"काय खाल्लंय?" काशीदाजूंनी विचारलं.

त्यांच्या शेजारच्याने त्यांच्या कानात तोंड घालून 'डोळा' असं जे ओरडून सांगितलं, त्याने शेजारच्या तिन्ही शेतांतल्या पंगती थांबल्या.

मग रोजनने सगळं सांगितलं. म्हातारी, रविवार, डोकं, वाफ. फोटोचं सांगताना तो अडखळला, पण सांगितलं. काकू आधी घाबरली, मग कुठेही मुलगी नाही हे लक्षात येऊन तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग ती पुन्हा घाबरली. कुणीतरी विचारलं की कुठला डोळा. रोजन म्हणाला, अर्धं डोकं होतं, उजवं अर्धं. नाकाडाचे मानकरी म्हणाले, मेंढीचं उजवं की तुझं उजवं? कारण ताटात डोकं तुझ्याकडे तोंड करून असेल तर तुझं उजवं म्हणजे तिचं डावं. यावर दोघांनी उठून, एकाने मेंढी होऊन आणि एकाने रोजन होऊन, समोरासमोर बसून पाहिलं. तिचंच उजवं निघालं.

आशाकाजी उभा राहिला. कोट झटकला. त्याने हे भाषण त्याच क्षणी केलं असं तो म्हणतो. मला ते दाढी करताना पाठ केल्यासारखं वाटलं. तो म्हणाला की रोजनकाकांबद्दल त्याला आदरच आहे, त्यांच्या जन्मापासून आहे. पण थकाली जिवंत असताना ज्याने थकालीचा वाटा खाल्ला, तो पंगतीत कसा बसेल? नियम म्हणजे नियम. मग तो नॉर्वेत मोडा नाहीतर शेजारच्या पाटणला. डोळा तो डोळाच.

दुसऱ्या ओळीत माना हलल्या. वारा तिकडे वळला हे मला दिसत होतं, आणि मी दोघींना शब्द दिलेला. शिवाय जीभ पत्रावळीवर पडली होती; तिचंही काही देणं लागत होतो. मी म्हटलं, आशाकाजीचं बरोबर आहे.

काकूने माझ्याकडे असं पाहिलं की नगरकोटची बस पुन्हा थांबली असती.

मी म्हटलं, डोळा तो डोळाच. आणि उजवा डोळा जो खातो तो थकाली, हाही नियमच. रोजनने तो रविवारी खाल्ला. ज्ञानबा सोमवारी रात्री गेले. म्हणजे सोमवारपासून या कुळाचा थकाली कोण? चार महिने आपण भलत्याच माणसाच्या पाया पडतोय. तीर्थदाजू, आपण जरा सरका, पोराला मध्ये बसू दे.

आशाकाजीचं तोंड उघडं राहिलं. आपण बापाचीच खुर्ची ओढली हे त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. तीर्थदाजू शहाऐंशी वर्षांचे. त्यातली निम्मी त्यांनी या जागेची वाट बघण्यात घालवली होती. त्यांनी पत्रावळीवरचा डोळा हाताने झाकला, कुणी उचलून नेईल म्हणून, आणि इतक्या झटक्यात निवाडा केला की मी त्यांना एवढ्या वेगाने शिंकतानाही पाहिलं नव्हतं. नॉर्वेची मेंढी आमच्या देवीच्या ओळखीची नाही. जी देवीपुढे पडली नाही तिचे डोळे, कान, शेपूट, काय वाटेल ते खा, ते नुसतं जेवण. रोजन निर्दोष आहे. विषय संपला. उचल.

नानीमैयावहिनी लगेच म्हणाली की तिचंही पहिल्यापासून हेच मत होतं. लेकाच्या जबड्यापेक्षा नवऱ्याची गादी महत्त्वाची. काकूने तिच्याकडे वड्यांचं ताट सरकवलं. दोघी पुन्हा एका बाजूला.

पण रोजन उचलेना.

"निवाडा तुम्ही केलात, दाजू," तो म्हणाला. "तुमचा मला मान्य आहे. पण ते गेले ना. मी तिकडे बसून डोळा खाल्ला आणि ते इकडे गेले. हा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही." त्याने पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, मागे वळला आणि आशाकाजीच्या पुढ्यात ठेवली. "आशाकाजी, तू खा. तू त्यांचे पाय दाबलेस, मी नव्हतो."

काकूच्या हातून पळी पडली. नियमाप्रमाणे मानकऱ्याने स्वतःहून सोडला तर वाटा पुढच्याचा.

आशाकाजी त्या जबड्याकडे बघत राहिला. माणूस आयुष्यभर ज्या डोंगराकडे बघतो तो एक दिवस अंगणात येऊन बसला तर जसा बघेल तसा. मग त्याने तो उचलला. कपाळाला लावला. आणि हात तिथेच राहिला. आम्हाला वाटलं प्रार्थना करतोय. फार लांबली प्रार्थना. रस्सा कोटाच्या बाहीतून आत कोपरापर्यंत उतरला तरी हात खाली येईना.

"फोटो मी त्यांना दाखवला होता," तो म्हणाला. डोळे मिटलेले, जबडा कपाळावर. "सोमवारी सकाळी."

रोजनचा चेहरा पांढरा पडला.

"उशीला टेकून बसले होते. फोन नाकाशी धरला त्यांनी. विचारलं, हा डोळा आहे का? म्हटलं, हो. मग विचारलं, त्या घरात सगळ्यांत मोठं कोण? म्हटलं, ती म्हातारीच असेल. म्हणाले, मग तिने पहिला मान माझ्या पोराला दिला. परक्या मुलखात, दारी आलेल्या पोराला. मग हसले."

"हसले?" रोजनने विचारलं.

"हसले. एकही दात नाही, तरी सगळं तोंड उघडून. मला म्हणाले, तू आपला जबड्याची वाट बघत बस, माझा पोरगा डोळ्यावर पोचलासुद्धा." आशाकाजीचा आवाज इथे थोडा कडू झाला, आणि ते साहजिक होतं. "दिवसभर तो फोन हातातून सोडला नाही त्यांनी. संध्याकाळी झोप येतेय म्हणाले. निरोप दिला होता तुमच्यासाठी. त्याला सांग, म्हणे, घाईघाईने गिळू नको, चावून खा, मोठेपणाची चव हळू येते. आणि झोपले. ते सकाळी उठलेच नाहीत."

"आणि हे तू आज सांगतोस?" काकू उभी राहिली होती. पळी आता तिच्या हातात परत आली होती.

"आधी सांगितलं असतं तर काका मांस खायला लागले असते," आशाकाजी म्हणाला. त्याने डोळे उघडले. "मी विचार केला, पूजा होऊन जाऊ दे, मग सांगू. एकदा माझ्या पोटात गेला की मग काय. पण हा मेला कपाळावरून खालीच येईना. घ्या हो काका. घ्या तुमचं. माझा हात भरून आला."

रोजनने दोन्ही हात पुढे केले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा पाणी तसंच गळत राहिलं. त्याने जबडा कपाळाला लावला, आणि थकालीने पहिला घास घ्यायचा नियम विसरून, चार महिन्यांच्या उपाशी माणसासारखा त्याचा लचका तोडला. कुणी टोकलं नाही. काकूने एवढंच विचारलं की मीठ पुरतंय का. त्याने भरल्या तोंडाने होकारार्थी मान हलवली.

आता सगळे तीर्थदाजूंकडे वळले.

तीर्थदाजूंनी डोळ्यावरचा हात काढला. आजवर त्यांनी कान खाल्ला होता. डोळा त्यांच्याकडे बघत होता, आणि ते डोळ्याकडे. दीडशे माणसं दोघांकडे बघत होती. मग त्यांनी बोटाने रोजनला जवळ बोलावलं. पंगतीला वाटलं, आधी खाल्लं म्हणून आता कानउघाडणी होणार. मी जिभेच्या जागी होतो, मला ऐकू आलं.

"चावायचा की गिळायचा?" त्यांनी विचारलं.

आमच्या कुळात थकालीचा डोळा खाल्लेला आता एकच जिवंत माणूस होता, एकवीस वर्षांचा. रोजन त्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि त्याने गंभीरपणे समजावून सांगितलं: कडेने सुरुवात करायची, मधलं काळं तोंडातून काढून ठेवलं तरी कुणी काही म्हणत नाही, आणि गार होऊ द्यायचा नाही, आता झालाच आहे, तेव्हा उशीर नको. त्या परदेशी कॉलेजाने त्याला काय शिकवलं ते मला कधी नीट कळलं नाही, पण एवढं शिक्षण आमच्या पंगतीला त्याच क्षणी उपयोगी पडलं. तीर्थदाजूंनी डोळा तोंडात टाकला. चावला. पुष्कळ वेळ चावला. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी आलं.

"ज्ञानबा इतकी वर्षं चेहरा सरळ ठेवून हे खात होते?" ते शेवटी म्हणाले. "थोर माणूस." मग हळूच विचारलं, "ती तुझी म्हातारी याच्यावर काय घेते?"

"जळजळीत दारू, दाजू. एका घोटात."

"शहाणी बाई आहे," थकाली म्हणाले, आणि नानीमैयावहिनी ऐल्याची झारी घेऊन उठली. तिने डोक्याच्याही वरून जी धार सोडली ती बरोबर वाटीत पडली.

जेवण सुरू झालं. आशाकाजी आपल्या जागी, आठव्या, जाऊन बसला. काकूने स्वतः येऊन त्याच्या वाटीत रस्सा ओतला आणि दोन वडे जास्त ठेवले. त्याने रस्सा संपवला. मग त्याने पंगतीवर उजवीकडून डावीकडे सावकाश नजर फिरवली, प्रत्येकावर थोडी थोडी थांबवत. ती माझ्यावर येऊन स्थिरावली. तो पुढे वाकला आणि मोठ्या मायेने म्हणाला, काका, आजकाल तुम्हाला खोकला फार येतो, नाही?

त्या दिवसापासून आजतागायत मी खोकलेलो नाही.